तीन किलोवॅट

जानेवारी, बुधवार. सावलीत एक्केचाळीस.
सावली म्हणजे माझं पत्र्याचं शेड,
तेव्हा हा आकडाही जरा सवलतीतलाच.

ॲडलेडच्या उत्तरेला, एलिझाबेथमध्ये,
बंद पडलेल्या मोटार कारखान्याच्या मागच्या गल्लीत
मी गाड्यांची ताकद मोजते.
समोर मला वेस्ना म्हणतात.
पाठीमागे काय म्हणतात ते पोरं गेल्यावर
भिंतीवरच्या धुळीत बोटाने लिहिलेलं सापडतं.

लॅकलनने आणली त्याची तांबडी व्ही-एट युट.
बॉनेटखाली नवी नळी, चकचकीत ॲल्युमिनियमची,
टोकाला शंकूसारखा लाल फिल्टर,
आणि रिकाम्या खोक्यावर छापलेले हिमकण.
हौसेला मोल नसतं म्हणतात.
होतं. सहाशे चाळीस डॉलर, कर धरून.

थंड हवा दाट असते, तो मला समजावू लागला,
दाट हवेत ऑक्सिजन जास्त, मग स्फोट मोठा.
सगळं खरं होतं.
विकणाऱ्याने त्याला एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती,
फक्त थंड हवा येणार कुठून, तेवढं राहून गेलं होतं.

पट्टे आवळले. मोठा पंखा लावला. बॉनेट उघडं.
पहिली धाव: दोनशे चौऱ्याहत्तर.
जुन्या डब्यावर होते दोनशे एक्काहत्तर.
तीन! लॅकलनने बापाला तीन बोटं दाखवली.
तीन किलोवॅट, म्हणजे माझ्या चहाच्या किटलीहून
जरासे जास्त. मी बोलले नाही.

मग बॉनेट लावलं,
कारण रस्त्यावर कुणी ते उघडं टाकून जात नाही.
दोनशे एकोणसत्तर.
मग दोनशे सहासष्ट.
फिल्टरपाशी खोचलेली तार सांगत होती अडुसष्ट अंश.
इंजिन आपलाच उच्छ्वास परत ओढत होतं,
डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेल्या माणसासारखं.

एवढा वेळ ग्लिन, त्याचा बाप,
ऑइलच्या पालथ्या पिंपावर बसून होता.
एकोणीस वर्षं त्याच कारखान्यात, प्रेसच्या धडधडीशेजारी;
उजवा कान पूर्ण गेलेला, डावा नावापुरता.
त्याने आकडे वाचले, उठला,
सीटमागून टॉवेलात गुंडाळलेला जुना काळा डबा काढला.

हे नाक बघ, म्हणाला. (बहिरी माणसं बोलतात तसं, ओरडून.)
हे दिव्याच्या मागून बाहेर निघतं. बाहेरची हवा.
आम्ही थंडच देत होतो, बाळा, पहिल्यापासून.
दोन क्लिपा, एक स्क्रू, अठ्ठावन्न सेकंद,
आणि पुढची गाडी.

लॅकलनचे कान फिल्टरसारखे लाल झाले.
त्याने मुकाट्याने पाना उचलला.

थांब, म्हणाला ग्लिन. अजून एकदा चालव.
मी म्हटलं, आता आणखी कमीच येतील.
माझं ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असावं.
तो बॉनेटवर तळवा टेकून उभा राहिला.

चार हजारांच्या पुढे ती नळी गरजते.
जुना डबा कुजबुजायचा; तसाच बनवलेला होता,
शेजाऱ्यांची झोप लक्षात घेऊन.
ही मात्र तोंड उघडं टाकून हवा पिते.
ग्लिनने मान वळवली, डावा कान पुढे केला,
आणि पाच हजार दोनशेला
त्याचा चेहरा असा झाला की मी पडद्याकडे पाहू लागले.

दोनशे पासष्ट.

मग घ्यावी की नाही असली नळी? लॅकलनने विचारलं,
विकत घेऊन झाल्यावर.
वेगासाठी नको, मी म्हटलं. पुढचं वाक्य सुचलं नाही.
बिलावर तीन धावा लावल्या.

निघताना चाकावर बाप बसला,
आणि मांडीवर डबा घेऊन पोरगा.
कोपऱ्यावरचा सिग्नल सुटला तेव्हा
गरजेपेक्षा बराच जास्त आवाज झाला,
समोरच्या तारेवरचे गाला पक्षी उडाले, परत बसले.

मी किटली लावली. एक्केचाळीसमध्ये चहा,
आईची सवय, नोव्ही सादहून आलेली.
दोन पूर्णांक चार किलोवॅट.
पाणी उकळायला पुरतात.